शाळा आधी की गिरणी आधी? शिक्षण आणि आर्थिक वाढीचा इतिहास

वहीतलं_पान (धागाकर्ता)

लग्नाच्या नोंदवहीत वधू-वर दोघांनी सही करायची, सही येत नसेल तर फुली मारायची, हा नियम इंग्लंडमध्ये १७५३च्या विवाह कायद्यानं आला आणि पुढच्या वर्षी लागू झाला. त्या वह्यांवरून तिथली साक्षरता मोजतात. १७५०च्या दशकात सुमारे ६० टक्के नवरदेव सही करत होते, नवऱ्या मुलींमध्ये हे प्रमाण ४०च्या आतबाहेर होतं. १८४०च्या सुमारास पुरुष ६७वर आणि बायका ५०वर पोचल्या.

म्हणजे वाफेचं इंजिन, सूतकताईची यंत्रं, रेल्वे हे सगळं ज्या ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांत आलं, त्या काळात सही करणारे पुरुष शंभरात फक्त सातनं वाढले. सरकारी प्राथमिक शाळांचा कायदा १८७०चा, हजेरीची सक्ती १८८०ची आणि बहुतेक ठिकाणी फी बंद झाली ती १८९१मध्ये. आधी गिरण्या, मग शाळा.

असं असेल तर शिक्षणामुळे देश श्रीमंत होतात हे आपण कशाच्या जोरावर म्हणतो? की देश श्रीमंत झाले म्हणून त्यांना शाळा परवडल्या? जाणकारांनी आकडे आणि उदाहरणं देऊन लिहावं ही विनंती.

---

तिरकी_रेघ

उत्तम विषय. जागा धरून ठेवतो.

---

मोजपट्टी

आधी आकड्यांबद्दल. सहीवरून वाचता येणाऱ्यांची संख्या कमी भरते, कारण त्या काळी वाचन आधी आणि लेखन नंतर शिकवत. दोन वर्षांत शाळा सुटलेल्या मुलीला छापील मजकूर वाचता यायचा, पण लेखणी तिच्या हाती आलेलीच नसायची. स्वीडन हे याचं टोकाचं उदाहरण. तिथं १६८६च्या चर्च कायद्यानं सगळ्यांना वाचता आलंच पाहिजे असं ठरवलं. पाद्री घरोघर जाऊन परीक्षा घेत आणि वहीत प्रत्येकाच्या नावापुढे शेरा लिहीत. अठराव्या शतकात तिथले बहुतेक लोक वाचत होते, पण लिहिणं सार्वत्रिक झालं ते १८४२च्या शाळा कायद्यानंतर.

जिथं सह्याही नाहीत तिथं वयाच्या नोंदी कामी येतात. आकडेमोडीची सवय नसलेला माणूस वय विचारलं की ३०, ३५, ४० असं गोल सांगतो. मग असं करायचं: २३ ते ६२ वयाचे सगळे मोजा. त्यात वयाच्या शेवटी ० किंवा ५ असलेले किती ते पाहा, त्याला ५नं गुणा, एकूण संख्येनं भागा आणि १००नं गुणा. हजारात ३२० जण तसे निघाले तर निर्देशांक १६०. सगळे खरं वय सांगत असतील तर १००, सगळेच गोल सांगत असतील तर ५००. १६०चा अर्थ असा की सुमारे ८५ टक्के लोकांनी नेमकं वय सांगितलं.

२३ ते ६२च का? या चाळीस वर्षांत पाचाच्या पटीतली आठ वयं येतात, बरोबर एक पंचमांश. २० ते ६० घेतलीत तर एक्केचाळीस वर्षांत नऊ येतात आणि निर्देशांक आपोआप फुगतो. नवख्यांची पहिली चूक इथंच होते. दुसरी चूक म्हणजे वय कोणी सांगितलं हे न तपासणं. बायकांची वयं नवऱ्यांनी सांगितली असतील तर तुम्ही बायकांची आकडेमोड मोजतच नाही.

---

नीलमोहर

मोजपट्टी, प्रतिसाद अगदी सविस्तर आहे. वाचनखूण साठवली.

---

घडीव

मूळ प्रश्नात शिक्षण म्हणजे शाळा असं धरलंय, तिथं माझी हरकत आहे. इंग्लंडकडे मानवी भांडवल, म्हणजे माणसांच्या अंगचं ज्ञान आणि कसब, भरपूर होतं, ते उमेदवारीत होतं. १५६३च्या कायद्यानुसार धंद्यात पडायचं तर सात वर्षं उस्तादाकडे शिकायला लागायची. हे कलम १८१४मध्ये रद्द झालं, पण रीत त्यापुढेही चालू राहिली. घड्याळजी, कुलूपवाले, पाणचक्क्या बसवणारे, उपकरणं बनवणारे असे हजारो हात तिथं तयार होते. जेम्स वॉट स्वतः उपकरणं बनवणारा.

वॉटचंच उदाहरण जवळून बघा. त्याचं पेटंट १७६९चं, पण इंजिन कामाला लागलं १७७६मध्ये. मधल्या काळात अडलं होतं ते सिलिंडरपाशी. दट्ट्या आणि सिलिंडर यांच्यात फट राहिली की वाफ निसटते. तोफा आणि सिलिंडर कोरायच्या जुन्या यंत्रात कोरणीचा दांडा एकाच टोकाला धरलेला असे. दुसरं टोक स्वतःच्या वजनानं खाली झुके, कोरणी सिलिंडरच्या तळाला टेके आणि ओतकामातला जो वाकडेपणा असेल त्याच वाटेनं पुढे जाई. भोक गुळगुळीत व्हायचं, पण सरळ नाही. जॉन विल्किन्सननं दांडा सिलिंडरमधून आरपार नेला आणि दोन्ही टोकांना आधार दिला. झुकणं संपलं. ५० इंची सिलिंडरमध्ये कुठंही जुन्या शिलिंगच्या जाडीपेक्षा जास्त चूक नाही, असं वॉटचा भागीदार बोल्टन यानं लिहिलंय.

हे ज्ञान शाळेच्या हजेरीपटात सापडणार नाही. ते धातू हाताळलेल्या माणसाच्या बोटांत होतं.

---

सरळव्याज

घडीव यांच्याशी निम्मा सहमत. उमेदवारीतलं ज्ञान माणसाबरोबर चालत जातं, ही त्याची ताकदही आणि मर्यादाही. इंग्लंडला हे पक्कं ठाऊक होतं. कसबी कारागिरांनी देश सोडून जाण्यावरची बंदी १८२४पर्यंत होती, यंत्रं निर्यात करण्यावरची १८४३पर्यंत.

सॅम्युएल स्लेटर हा डर्बीशरमधल्या कताईच्या गिरणीत उमेदवारी केलेला तरुण. १७८९मध्ये तो अमेरिकेला गेला, यंत्रांचे तपशील डोक्यात घेऊन. डिसेंबर १७९०मध्ये ऱ्होड आयलंडच्या पॉटकेटमध्ये पाण्यावर चालणारी कताई सुरू झाली. मधे पिंजणयंत्रानं त्रास दिला. कातड्याच्या पट्टीतल्या तारांच्या दातांचा वाक नीट नव्हता, त्यामुळे कापूस पुढे सरकायच्या ऐवजी गुंडाळून बसायचा. दात ठोकून वाकवले तेव्हा काम मार्गी लागलं. आराखडा पाठ असूनही एका कोनावर सगळं अडलं होतं.

असा एक माणूस एक गिरणी उभी करतो. हजार गिरण्या, आगगाड्या, रंगाचे कारखाने उभे करायचे तर ज्ञान कागदावर यावं लागतं आणि कागद वाचणारे हजारोंनी लागतात. शाळेचं काम तिथून सुरू होतं.

---

उंबरठा

याच मुद्द्यावर प्रशिया या जुन्या जर्मन राज्याचा पुरावा आहे. तिथला राजा फ्रेडरिक दुसरा याचा शाळांचा हुकूम १७६३चा. अंमलबजावणी बरीच वर्षं ढिली होती, कारण शिक्षक मिळत नव्हते आणि शेतीच्या हंगामात मुलं येत नव्हती. तरीही १८१६ची शाळानोंदणी पाहिली तर काही जिल्हे बाकीच्यांच्या बरेच पुढे दिसतात. बेकर, हॉर्नुंग आणि वोसमन या संशोधकांनी जिल्हावार १८४९ आणि १८८२चे उद्योग त्या जुन्या नोंदणीशी ताडून पाहिले. नोंदणी कारखान्यांच्या आधीची असल्यानं, उद्योगामुळेच शिक्षण वाढलं असेल ही उलट शंका बरीच मिटते. निष्कर्ष असा की शिक्षित जिल्ह्यांत उद्योग जास्त वाढले, अपवाद फक्त पहिल्या टप्प्यातल्या कापडधंद्याचा.

कापडच का? जुना कापडधंदा आधीपासून होता, घराघरांत पसरलेला होता आणि कताईयंत्रावर तुटलेला धागा जोडायला अक्षरओळख लागत नाही. धातू, रसायन, कागद, छपाई यांत सगळंच नवं होतं, तिथं ती लागली.

धागाकर्त्याच्या प्रश्नाचं माझं उत्तर: पहिलं यंत्र बनवायला सार्वत्रिक शाळा लागली नाही. दुसऱ्याचं यंत्र उचलून आपल्याकडे चालवायला आणि सुधारायला ती लागली.

---

तिरकी_रेघ

धरलेली जागा आता वापरतो, विरोधात लिहायला. १९६०नंतर कित्येक देशांनी शाळा झपाट्यानं वाढवल्या आणि वाढीचा दर मात्र हलला नाही. अर्थतज्ज्ञ प्रिचेट यांनी २००१मध्ये हेच मांडलं. त्यांची तीन कारणं: शिकलेले लोक उत्पादक कामाऐवजी परवाने-दलालीच्या जागांवर गेले, शिकलेल्यांची मागणी वाढली नाही म्हणून मोबदला घसरला, किंवा शाळेत शिकवलंच गेलं नाही.

सोव्हिएत संघाचंही बघा. निरक्षरता निर्मूलनाचा हुकूम डिसेंबर १९१९चा, ८ ते ५० वयाच्या सगळ्यांसाठी. वीस वर्षांत साक्षरता प्रचंड वाढली, पुढे अभियंते तयार झाले, तरी १९७०नंतर अर्थव्यवस्था साचली. मानवी भांडवल होतं, पण नवं तंत्र आणणाऱ्याला त्यातून काही मिळत नव्हतं.

आणि पगारवाढ म्हणजे उत्पादकता हेही गृहीतच आहे. अर्थतज्ज्ञ स्पेन्स यांनी १९७३मध्ये दाखवलं की पदवीनं कौशल्यात तसूभर भर घातली नाही तरी ती हुशार उमेदवार ओळखायची खूण म्हणून पगार वाढवू शकते. तसं असेल तर सगळ्यांनी एकेक वर्ष जास्त शिकून देशाच्या पदरात काहीच पडत नाही.

---

मोजपट्टी

@तिरकी_रेघ, या शंकेवर चांगला उतारा इंडोनेशियातून मिळतो. तेलाचा पैसा आला आणि १९७३ ते १९७८ दरम्यान तिथल्या सरकारनं ६१,०००वर प्राथमिक शाळा बांधल्या, ज्या भागात पटनोंदणी कमी तिथं जास्त. अर्थतज्ज्ञ एस्थर डफ्लो यांनी तुलना केली ती अशी: १९७४मध्ये २ ते ६ वर्षांची मुलं, म्हणजे शाळेचा लाभ मिळालेली, आणि तेव्हा १२ ते १७ची, म्हणजे संधी हुकलेली. दोन वयोगटांतला फरक जास्त शाळांच्या भागात किती आणि कमी शाळांच्या भागात किती, हे वजा केलं की शाळेचा परिणाम हाती येतो. दर हजार मुलांमागे एक शाळा वाढली की सरासरी शिक्षण ०.१२ ते ०.१९ वर्षांनी वाढलं आणि शिक्षणाच्या एका वर्षाचा मजुरीतला परतावा ६.८ ते १०.६ टक्के निघाला.

ही मुलं हुशार म्हणून शाळेत गेली नव्हती, शाळा गावात आली म्हणून गेली होती. सगळा परतावा केवळ खुणेचा आहे, असं म्हणणं इथं टिकत नाही.

---

रेखांश

मला एक साधं गणित हवंय. शिक्षण वाढल्यामुळे वाढीचा दर किती टक्के वाढतो? धाग्यात अजून ते कुणीच दिलेलं नाही.

---

सरळव्याज

घ्या. श्रमिकांचं सरासरी शालेय शिक्षण ५० वर्षांत २वरून ८ वर्षांवर गेलं असं समजा. एका वर्षाचा परतावा १० टक्के धरा, बऱ्याच देशांत मजुरीवरून तो याच आसपास निघतो. सहा वर्षांचे ०.६. अखंड चक्रवाढीनं (e चा ०.६ घात) एका कामगाराची कर्तबगारी १.८२ पट होते. ०.६ला ५०नं भागलं की वर्षाला १.२ टक्के.

आता यंत्रसामग्री स्थिर धरलीत तर याला उत्पन्नातल्या श्रमाच्या वाट्यानं, साधारण दोन तृतीयांशानं, गुणायचं. उत्तर ०.८ टक्के. कामगार कर्तबगार झाल्यावर त्याच्या हाताखाली यंत्रंही त्या प्रमाणात वाढली असं धरलंत तर पूर्ण १.२. दोन पुस्तकांत दोन वेगळी उत्तरं दिसतात ती यामुळेच.

या हिशेबाचं मूळ अर्थतज्ज्ञ सोलो यांच्या १९५७च्या कामात आहे. १९०९ ते १९४९ या काळातल्या अमेरिकेच्या दरडोई-तास उत्पादनवाढीपैकी यंत्रांच्या वाढीनं आठवा हिस्सासुद्धा जेमतेम समजावता आला. उरलेले साडेसत्त्याऐंशी टक्के कुठून आले याचा शोध घेताना शुल्ट्झ, डेनिसन, गॅरी बेकर (प्रशियाच्या अभ्यासातले बेकर वेगळे) हे अर्थतज्ज्ञ शिक्षणाकडे वळले. शुल्ट्झ यांनी १९६०च्या अध्यक्षीय भाषणात शिक्षण हा खर्च नसून गुंतवणूक आहे असं मांडलं, तेव्हा माणसाला भांडवल म्हणणं पुष्कळांना अपमानास्पद वाटलं होतं.

---

नीलमोहर

पण ०.८ किंवा १.२ टक्के म्हणजे जपान किंवा दक्षिण कोरियाच्या वाढीपुढे फारच थोडं झालं.

---

उंबरठा

बरोबर, कारण वरच्या गणितात शिकलेला माणूस म्हणजे फक्त जास्त काम उरकणारा माणूस. नेल्सन आणि फेल्प्स यांनी १९६६मध्ये वेगळी बाजू मांडली: शिक्षणाचा खरा उपयोग नवं तंत्र लवकर उचलण्यात असतो. तंत्र साचलेलं असेल तर परतावा थोडा, बदलतं असेल तर जास्त. शुल्ट्झ शेतीबद्दल हेच सांगत. पिढ्यान् पिढ्या तेच बियाणं, तीच अवजारं असतील तर अक्षरशत्रू शेतकरीही त्यातून निघेल तेवढं सगळं काढतो. शिकलेला शेजारी त्याच्यापुढे जात नाही.

याची कसोटी हरित क्रांतीत लागली. फॉस्टर आणि रोझेन्झ्वाइग यांनी भारतातल्या शेतकरी कुटुंबांच्या आकड्यांवरून दाखवलं की संकरित आणि जास्त उत्पादन देणारी बियाणी जिथं चांगली रुजली, तिथं प्राथमिक शिक्षणाचा परतावा वाढला. नव्या बियाण्याला खत किती, पाणी कधी, हे चुकतमाकत शिकायचं होतं. शिकलेला लवकर शिकला.

जपानकडे येते. १८७२च्या शिक्षण आदेशात देशाचे ८ विद्यापीठ विभाग, प्रत्येकात ३२ माध्यमिक विभाग आणि त्या प्रत्येकात २१० प्राथमिक शाळा, म्हणजे ५३,७६० शाळा आखल्या होत्या. खर्च मात्र गावांवर टाकला आणि वर फी. काही ठिकाणी लोकांनी शाळाच जाळल्या. १८७३मध्ये पटावर फक्त २८ टक्के मुलं होती, मुली तर १५ टक्के. १९००मध्ये फी गेली आणि त्या दशकात प्रमाण ९० टक्क्यांच्या पुढे गेलं. शेंड्याकडची, उच्च शिक्षणाची बाजूही सोडली नाही. १८७३च्या तोक्योतल्या अभियांत्रिकी महाविद्यालयात सहा वर्षांचा क्रम होता: दोन वर्षं पायाभूत विषय, दोन वर्षं शाखा, दोन वर्षं प्रत्यक्ष काम. घडीव म्हणतात ती उमेदवारी त्यांनी शाळेतच आणून बसवली.

---

घडीव

हे वाचून माझं म्हणणं थोडं बदलतो. उमेदवारी आणि शाळा ही एकमेकींची जागा घेणारी नाहीत. अमेरिकेतही १८६२च्या मॉरिल कायद्यानं काँग्रेसच्या प्रत्येक सदस्यामागे राज्याला ३०,००० एकर जमीन दिली, ती शेती आणि यंत्रविद्येची महाविद्यालयं उभारायला. पुढे १९१० ते १९४० दरम्यान माध्यमिक शाळा पूर्ण करणारे तरुण सुमारे ९ टक्क्यांवरून ५०वर गेले. विजेवर चालणाऱ्या कारखान्यांत नकाशा वाचणारा, मीटर बघणारा, हिशेब ठेवणारा माणूस लागत होता आणि तो नेमका तेव्हाच तयार मिळाला.

---

मोजपट्टी

शाळा असून शिकणं नाही, या तिरकी_रेघ यांच्या तिसऱ्या कारणावर इंग्लंडचेच दोन दाखले.

१८३३च्या कारखाना कायद्यानं गिरणीतल्या मुलांना दिवसाला दोन तास शाळा बंधनकारक केली. गिरणीमालकाला मास्तरचा दाखला लागायचा. निरीक्षकांना असे दाखले सापडले, ज्यांवर मास्तरांनीच सहीऐवजी फुली मारलेली. म्हणून १८४४च्या कायद्यात मास्तरांनी आकडे स्वहस्ते भरून पूर्ण नावानं सही करावी असं घालावं लागलं. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार!

दुसरा दाखला १८६२च्या निकालाप्रमाणे अनुदान या पद्धतीचा. हजेरीचे ४ शिलिंग आणि वाचन, लेखन, गणित यांत पास झाल्यास प्रत्येकी २ शिलिंग ८ पेन्स. परिणाम असा की शाळांनी इतिहास, भूगोल, विज्ञान कमी केलं आणि परीक्षेचं वाचनपुस्तक वर्षभर घोकून घेतलं. मुलं पान न बघता धडा म्हणून दाखवायची. पद्धत नीट बंद व्हायला १८९०चं दशक उजाडलं.

---

तिरकी_रेघ

फुलीवाला दाखला डोळ्यांसमोरून हलत नाही. माझी हरकत मी आता नेमकी करतो: शाळेला विरोध नाही, शाळेच्या वर्षांना मानवी भांडवल समजण्याला आहे.

---

वहीतलं_पान (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार. मूळ प्रश्नावर एक राहिलं. गिरण्यांच्या गावांत तरी साक्षरता वाढली का?

---

उंबरठा

उलट. लँकशरच्या गिरण्यांच्या गावांत अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात सह्यांचं प्रमाण बऱ्याच ठिकाणी घसरलं. लोकसंख्या शाळांपेक्षा वेगानं वाढली आणि सात-आठ वर्षांच्या मुलालाही तुटका धागा जोडायचे पैसे मिळू लागले. मूल शाळेत पाठवायचं तर फी जाते आणि मजुरीही बुडते. उद्योग वाढला की शिक्षण आपोआप वाढतं, हा तुमच्या प्रश्नातला दुसरा पर्यायही म्हणून टिकत नाही. मुलांच्या कामाचे तास कायद्यानं कमी झाले आणि फी गेली, तेव्हा १९००पर्यंत फुल्या जवळजवळ नाहीशा झाल्या.

---

रेखांश

सरळव्याज, तिरकी_रेघ यांची हरकत तुमच्या गणितात घालता येईल का?

---

सरळव्याज

येईल. जागतिक बँकेची २०१८पासूनची रीत अशी: शाळेची वर्षं गुणिले चाचणीतले गुण भागिले ६२५ (हे उत्तम शिकल्याचे गुण मानतात). गुण ४०० असतील तर प्रत्येक वर्ष ०.६४ वर्षाइतकं. मग २ ते ८ ही सहा वर्षांची वाढ ३.८४ वर्षांची उरते. कर्तबगारी १.८२ऐवजी १.४७ पट, आणि वर्षाला १.२ऐवजी ०.७७ टक्के. यंत्रसामग्री स्थिर धरली तर ०.५१.

फक्त एक पथ्य पाळा. १० टक्के परतावा ज्या देशाच्या मजुरीवरून काढलात, त्यात तिथल्या शाळांचा दर्जा आधीच मिसळलेला असतो. तो दर आणि ही कपात एकाच देशाला लावलीत तर दर्जा दोनदा वजा होईल. चांगल्या शाळांच्या देशातला दर घ्या आणि मग कपात करा.

---

नीलमोहर

हे पथ्य माझ्या नजरेतून सुटलं असतं. वरचं सगळं गणित वहीत उतरवून घेतलंय.